जुन्या पीसीत रॅम वाढवताय? आधी या चुका टाळा

"डीडीआर३ (रॅमची एक जुनी पिढी) आहे ना, मग चालेल की!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली कुणी "रॅम आणलीये, जरा बसवून दे" म्हणालं की मी आधी विचारतो, मदरबोर्डाचा मॉडेल नंबर बघितलास का? उत्तर ठरलेलं, नाही. रॅम बसवायला पाच मिनिटं लागतात, पण आणायच्या आधी अर्धा तास बसून मॅन्युअल वाचायचा सगळ्यांना कंटाळा.

माझं सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे स्टिकवरच्या, म्हणजे रॅमच्या पट्टीवरच्या, काळ्या चिप न मोजणं. मामेभावाकडे इंटेलच्या जुन्या जी४१ चिपसेटचा बोर्ड होता, डीडीआर३ चे दोन स्लॉट, मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त ८ जीबी. त्याने ४-४ जीबीच्या दोन कोऱ्या स्टिक आणल्या, म्हणजे कागदावर सगळं बरोबर. लावल्या तर पंखा फिरतोय, डिस्प्ले नाही, नुसतं बीप बीप. मग स्लॉट बदलून बघितले, एकेकटी लावून बघितली, सेल काढून बायोस रिसेट केला, रात्रीचे बारा वाजले आणि मी तर पॉवर सप्लायवरच संशय घ्यायला लागलो (हसू नका). जुनी २ जीबीची स्टिक लावली की मशीन निमूट चालू.

शेवटी जुनी आणि नवी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली तेव्हा ट्यूब पेटली. दोन्हीवर आठच चिप! म्हणजे नवीची एकेक चिप दुप्पट मोठी, ५१२ एमबीची, आणि जी४१ ला २५६ एमबीच्या वरची चिप कळतच नाही. त्याला ४ जीबीची स्टिक हवी ती दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपवाली. स्टिकरवर 'वन आर बाय एट' (1Rx8) असेल तर आठ चिप, 'टू आर बाय एट' (2Rx8) असेल तर सोळा. एवढंसं ते बारीक अक्षर, पण आमची अख्खी रात्र त्याने खाल्ली.

आणि नुसत्या सोळा चिप बघूनही उड्या मारू नका. "फक्त एएमडीसाठी" म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या ४ जीबीच्या स्टिकवरही सोळाच असतात, पण त्या 'बाय फोर' (x4) जातीच्या, इंटेलच्या साध्या डेस्कटॉपवर चालत नाहीत. तशीच सर्व्हरची रॅम, स्टिकरवर पीसी३-१२८०० अशा स्पीडच्या आकड्यापुढे आर (R) असेल तर ती घरच्या पीसीसाठी नाही, कितीही स्वस्त असू दे.

३२ बिट विंडोज ठेवून ८ जीबी टाकली तर वापरायला मिळणार साडेतीनच्या आसपास, मग मला फोन करू नका.

स्पीडचा बाऊ नको. १३३३ आणि १६०० एकत्र लावल्या तर दोन्ही कमी स्पीडने चालतात, बस.

सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरच्या बोर्डावर डीडीआर३ चे स्लॉट दिसले तर मात्र १.३५ व्होल्टवालीच, म्हणजे डीडीआर३एल घ्या. १.५ वाली "चालतेय की" म्हणून ठेवू नका, प्रोसेसरला धोका आहे.

आता बसवण्याबद्दल. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना, लांबी सारखी, फक्त मधली खाच थोडी सरकलेली. बसत नाही म्हणून अंगठ्याने जोर लावणारे लोक मी पाहिलेत, दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून आलेले असतात आणि त्यात खाच दाखवलेली नसते. बसत नसेल तर ती तिथली नाहीच. माझी सवय सांगतो: प्लग भिंतीतून उपटायचा, नुसतं बटण बंद नाही, मग पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरायचं, स्टिकच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबरने पुसायच्या आणि त्याचा भुगा स्टिक लावायच्या आधी झटकायचा, स्लॉटमधली धूळ कोरड्या ब्रशने काढायची. मग दोन्ही टोकांवर सारखा दाब, क्लिप टक्क करून लागली पाहिजे. डिस्प्ले न येणाऱ्या निम्म्या केसेस माझ्याकडे इथेच सुटतात. "एका बाजूने लागली, दुसरी लागेल आपोआप" असं नसतं.

जुनी स्टिक घेतली असेल तर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून झोपा. सकाळी एक जरी एरर दिसली तरी परत द्या, "एकच तर आहे" करून ठेवलेली रॅम महिन्याभराने फायली खराब करते आणि मग शिव्या विंडोजला पडतात.

मामेभावाच्या त्या दोन स्टिक वाया नाही गेल्या हं. माझ्या एच६१ या नंतरच्या चिपसेटच्या बोर्डावर लावल्या, पहिल्या फटक्यात ८ जीबी दिसली. त्याला मी सोळा चिपवाल्या दोन शोधून दिल्या, त्या शोधायला तीन आठवडे लागले.