चित्राची पाठ वाचताना

अमेरिकेतल्या एका कलासंग्रहालयात इंटर्न म्हणून गेले, तेव्हा चित्रांबद्दल बोलायला मिळेल असं वाटलं होतं. पहिल्याच दिवशी रजिस्ट्रारबाईंनी माझं पेन बाजूला ठेवायला लावलं आणि हातात पेन्सिल दिली. कोठारात शाई आणायचीच नाही.

तिकडे जाऊ पाहणाऱ्या बहुतेकांना क्युरेटर, म्हणजे संग्रहाचा अभ्यास करून प्रदर्शनं मांडणारे, व्हायचं असतं. मी म्हणेन, सुरुवात रजिस्ट्रारच्या हाताखाली करा. नोंद, विमा, ने-आण, वस्तू आली कुठून याची कागदपत्रं, सगळं तिथून जातं. १९८४.१२.३ हा आकडा पाहिला की १९८४ साली आलेल्या बाराव्या खेपेतली तिसरी वस्तू, हे आपोआप कळायला लागतं. (एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर अभ्यासक्रमातल्या अशा इंटर्नशिपसाठी सीपीटीची, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी रुजू होण्याआधीच घ्या.)

माझ्याकडे लघुचित्रांचे कंडिशन रिपोर्ट, म्हणजे त्यांच्या अवस्थेच्या नोंदी, लिहायचं काम होतं. पहिल्या रिपोर्टात मी ‘अवस्था चांगली’ लिहिलं आणि तो तसाच परत आला. मग शिकले: टॉर्च चित्राच्या कडेला आडवा धरायचा. समोरून सपाट दिसणाऱ्या रंगाचे पापुद्रे, घड्या, वाळवीची वाट, सगळं सावल्यांतून वर येतं. त्यानंतर लिहायचं: वरचा डावा कोपरा, कडेपासून दोन सेंटिमीटर, हिरवा रंग उडालेला, खालचा कागद तपकिरी. हिरवा बहुधा जंगाल, म्हणजे तांब्यापासून केलेला रंग, असतो. त्यातलं तांबं कागद खातं. एका चित्राला मला पाऊण तास लागायचा आणि तो लागू द्यावा. हातमोजे धातूच्या वस्तूंना आणि फोटोंना. कागदाला धुतलेले, कोरडे हातच बरे, कारण मोज्यातून कडेचा अंदाज येत नाही.

गॅलरीत अंधार का, असं प्रेक्षक विचारतात. अशा चित्रांवर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड ठेवतात. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, म्हणून काही महिने मांडलेलं चित्र पुढची काही वर्षं पेटीत विसावतं.

एकदा रागमालेचं, म्हणजे राग-रागिण्यांच्या चित्रमालिकेतलं, एक पान उलटलं. मागे आडवीतिडवी, शिरोरेघ एकसंध ओढलेली देवनागरी. रेकॉर्डमध्ये ‘मजकूर, अवाचित’ एवढंच होतं. मी भिंग घेऊन बसले. अक्षरवळण जुनं, शब्द चिकटलेले, पण दुसऱ्या दिवशी लागलं: रागिणीचं नाव आणि पानाचा क्रमांक. क्युरेटरने ते शहानिशेला एका जाणकाराकडे पाठवलं. तीन आठवड्यांनी होकार आला आणि ‘अवाचित’ हा शब्द रेकॉर्डमधून मीच काढला.