एक गोरा, एक सावळी: न्यू जर्सीत नव्याने उतरलेल्यांसाठी

बँक खातं, लायसन्स, मुलांची शाळा हे सांगणारे तुम्हाला पैशाला पासरी भेटतील. माझं सांगणं फक्त त्या जोडप्यांसाठी, ज्यांच्यात एकाचा रंग उजळ आणि दुसऱ्याचा सावळा आहे. माझा नवरा रत्नागिरीचा, घाऱ्या डोळ्यांचा. मी सोलापूरची, तव्याच्या रंगाची (शब्द माझ्या आत्याचा). इथे त्याला लोक इटालियन समजतात आणि मला डोमिनिकन, म्हणजे कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिक या स्पॅनिशभाषक देशाची. पर्थ अँबॉयमध्ये नाक्यावरच्या दुकानात, ज्याला इथे बोदेगा म्हणतात, माझ्याशी थेट स्पॅनिशच सुरू होतं.

आधी आमची चूक सांगते, कारण गेल्या वर्षभरात दोन नव्या जोडप्यांनी तीच केलेली पाहिली. घर बघायला नवरा एकटा गेला. घरमालक खूश. ‘एक तारखेला या’ म्हणाला, अर्जाची फी घेतली. दोन दिवसांनी मी पडद्यांची मापं घ्यायला गेले. त्याने मला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. संध्याकाळी फोन आला, घर दुसऱ्याला दिलं. भाड्याची पाटी मात्र पुढे महिनाभर खिडकीत तशीच होती. आम्ही काय केलं? काहीही नाही. ‘नवीन आहोत, कशाला नसती भानगड’ म्हणत पाच आठवडे हॉटेलात काढले आणि सोबत आणलेली सगळी पुंजी त्यात घातली. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रार करता येते हे कळलं तेव्हा सात महिने झाले होते. तिथली मुदत १८० दिवसांची. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे वर्षभर जाता येतं हे कळेपर्यंत वर्षही उलटलं.

म्हणून, घर बघायला सावळ्याने आधी जायचं. नकार यायचाच असेल तर फी भरण्याआधी येऊ दे. ‘घर गेलं’ असं उत्तर आलं तर त्याच दिवशी उजळ जोडीदाराने त्याच घराची चौकशी करायची, आणि तीही मेसेजने, म्हणजे उत्तर लेखी राहतं. ही माझी शक्कल नाही. घरभाड्यातला भेदभाव उघडा पाडणाऱ्या संस्था हेच करतात: सारख्याच पगाराची दोन माणसं, एक गोरं आणि एक काळं, एकाच घरासाठी पाठवतात. ज्याला खोटं सांगितलं गेलं, त्याला घर खरोखर नको असलं तरी दावा लावता येतो, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच म्हटलंय. तुमच्या घरात तर ही जोडी आयतीच आहे. १९६८ च्या घरांबाबतच्या कायद्यात वंश आणि रंग हे दोन वेगळे शब्द आहेत, १९६४ च्या नोकऱ्यांबाबतच्या कायद्यातही. म्हणजे भारतीय साहेबाने दोन भारतीयांतल्या सावळ्याला रंगावरून डावललं, तर तेही त्यात बसतं. हे आपल्या लोकांना माहीतच नसतं. काहींना माहीत असून नको असतं.

पण मला घरमालकापेक्षा जास्त लागलं ते नवऱ्याचं वाक्य: ‘तुला उगाच वाटतं.’ चार वर्षं मी ते ऐकलं. त्याच्याशी कुणी तसं वागतच नव्हतं, मग त्याला दिसणार कुठून?

डोळे उघडले ते शेजारच्या जोडप्यामुळे. दोघंही डोमिनिकन, ती काळी, तो माझ्या नवऱ्याहून गोरा. तिच्या देशात ओळखपत्रावर अनेक वर्षं कातडीचा रंग लिहायचे, आणि काळं म्हणायला नको म्हणून सावळ्यांना ‘इंडिओ’ लिहायचे, तिथल्या आदिवासींच्या नावाने. आणखी एक शब्द तिने सांगितला, ‘त्रिगेन्यो’, म्हणजे गव्हाच्या रंगाचा. मी म्हटलं, अगं, आमच्याकडे लग्नाच्या जाहिरातीत हाच शब्द असतो! तिने लग्न केलं तेव्हा तिच्या आजीने देवाचे आभार मानले, वंश सुधारला म्हणून. माझ्या आत्याचे सख्खे शब्द.

हॉटेलात वेटर विचारतो, ‘बिल वेगवेगळं?’ रांगेत नवऱ्याला पुढे बोलावतात, मला थांबवतात. शेजारणीचा नियम असा की ‘आम्ही एकत्र आहोत’ हे त्याने म्हणायचं, आणि तिने तोंड उघडण्याआधी. तिने सांगितलेला एक किस्सा मी नव्या जोडप्यांना हमखास ऐकवते. लॉस एंजेलिसमध्ये आंद्रेआ पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस लग्नाचा परवाना मागायला गेले. ती मेक्सिकन वंशाची, म्हणजे कायद्याच्या लेखी गोरी, तो काळा. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला तेव्हा तिथे कायद्याने बंदी होती, म्हणून कारकुनाने परवाना दिला नाही. दोघं भांडली आणि १९४८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध तीन मतांनी जिंकली. देशभर ही बंदी उठायला १९६७ उजाडलं. त्याच राज्यात इम्पीरियल खोऱ्यातल्या पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, ती बरीचशी कारकुनाला दोघं एकाच रंगाची वाटली म्हणून पार पडली. ‘बिल वेगवेगळं?’ विचारणारा वेटर मला त्या कारकुनाचा नातू वाटतो.

बागेत मला हमखास विचारतात, ‘किती दिवस सांभाळताय हिला?’ मुलगी बापावर गेलीय. पूर्वी मी हसून सोडून द्यायचे. आता म्हणते, ‘नऊ महिने पोटात, सहा वर्षं बाहेर.’ एकटीने तिला घेऊन विमानप्रवास करताना जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा. ग्रीन कार्ड मिळालं की तेही जवळच. अठरा वर्षांवरच्यांनी ते बाळगावं असा कायदाच आहे. पोलिसाने गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर, आणि पाकीट काढण्याआधी तसं सांगा.

आता आपली माणसं. ‘त्या भागात घर घेऊ नका, तिकडे काळे राहतात,’ असं मला एका काकूंनी सांगितलं, माझ्याच चेहऱ्याकडे बघत. त्याच भागात आम्ही अकरा वर्षं राहतोय आणि गेल्या हिमवादळात आमच्या दारातला बर्फ ज्यांनी उपसला ते ‘तिकडचे काळे’च होते. गणपतीत कुणी ‘मुलगी आईवर नाही गेली, सुटली’ म्हणालं, तर मुलीसमोर गप्प बसू नका. तिला मराठी कळतं. तिथे बोलायचं काम मात्र उजळ जोडीदाराचं. सावळी बोलली की ‘फार मनाला लावून घेते’ ठरते. माझा नवरा पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याचा आवाज चिरकला होता, पण बोलला.

आणि वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं. त्याच रात्री लिहा, दोघांनी वेगवेगळं, मग ताडून बघा. फोनमध्ये नको, फोन बदलतात. माझी वही ओक ट्री रोडवरून, म्हणजे इथल्या भारतीय बाजारातून आणलेली, लाल पुठ्ठ्याची, हिशेबाची. गेल्या दिवाळीपासून तिच्यात चार नोंदी झाल्यात. त्यातल्या दोन मराठी कार्यक्रमांतल्या आहेत.