किडनी ट्रान्सप्लांटनंतरच्या डॉक्टरवाऱ्या: नाशिकहून जायची तयारी

ट्रान्सप्लांट झालं की डायलिसिस सुटतं पण डॉक्टर सुटत नाहीत, उलट वाढतात. आधी एक नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर होते, आता त्यांच्या जोडीला शुगरवाले, डोळेवाले, स्किनवाले, दातवाले, स्टेरॉइडमुळे हाडं तपासणारे, बायकांना गायनॅक, आणि ऑपरेशन मुंबईला झालं असेल तर तिथली तारीख वेगळीच. जो तो आपापला अवयव बघतो आणि "महिन्याने या" म्हणतो, त्याच महिन्यात बाकीच्यांनीही बोलावलंय हे त्याला कसं कळणार. म्हणून माझं सरळ मत असं की कॅलेंडर डॉक्टरांच्या तारखा धरून बनवायचंच नाही, रक्त द्यायचा दिवस धरून बनवायचं. तो आधी पक्का करायचा आणि बाकीच्यांना त्याच्या मागेपुढे बसवायचं.

कारण टॅक लेव्हल. टॅक म्हणजे टॅक्रोलिमस, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची गोळी. तिची रक्तातली लेव्हल बघायची तर रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यावं लागतं, रात्रीच्या गोळीनंतर साधारण 12 तासांनी. म्हणजे रात्री नऊला गोळी घेत असाल तर सकाळी नऊच्या सुमाराला लॅबच्या खुर्चीत बसलेलं असायचं, आणि गोळी पर्समध्ये. लॅबमधली मुलगी "उपाशी आहात ना?" एवढंच विचारते, "गोळी घेतली का?" बहुतेक वेळा विचारत नाही, तेव्हा आपणच सांगायचं आणि रात्रीच्या गोळीची वेळ चिठ्ठीवर लिहून घ्यायची. गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा उगाच वर दिसतो आणि त्या आकड्यावर कोणी डोस कमी केला तर किडनीलाच धोका. शक्यतो लॅब एकच ठेवा, पद्धत बदलली की आकडा थोडा इकडेतिकडे होतो आणि आपण रात्रभर टेन्शन घेतो. डब्यात पोहे किंवा उपमा न्या, सुई निघाली की गोळी, मग रोज जेवढ्या वेळाने खाता तेवढ्याच वेळाने नाष्टा. उपाशीपोटीची शुगर आणि कोलेस्टेरॉल सांगितलं असेल तर तेही त्याच टोचण्यात उरकून घ्या, हाताच्या शिरा डायलिसिसमध्ये आधीच दमलेल्या असतात. लघवीचं सॅम्पल मधल्या धारेचं द्यायचं, आणि पाळी चालू असेल तर आधी सांगायचं, नाहीतर रिपोर्टमध्ये रक्त दिसतं आणि मग नसती धावपळ.

टॅकचा रिपोर्ट बाकीच्यांसारखा संध्याकाळी हातात येईलच असं नाही, बरेचदा सॅम्पल बाहेरगावी जातं. तेव्हा डॉक्टरांची तारीख रक्तानंतर तीन-चार दिवसांनी घ्या. मुंबईला गुरुवारी दाखवायचं असेल तर रक्त सोमवारी नाशिकलाच द्यायचं आणि रिपोर्ट आधी पाठवून ठेवायचा. कारण पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमाराला सुटते, म्हणजे नऊ वाजता आपण गाडीत असतो, रक्त कुठे देणार? गोळी मात्र गाडीतच घ्यायची, मोबाईलला अलार्म, पाण्याची बाटली घरची. आणि गोळ्या नेहमी खांद्याच्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नाही, उन्हात उभ्या गाडीत तर अजिबातच नाही. जाऊन-येऊन एका दिवसाचं काम असलं तरी रात्रीचा आणि दुसऱ्या दिवशीचा डोस सोबत हवाच. कसारा घाटात ट्रक आडवा झाला की घरी पोचायची वेळ कोणाच्या हातात नसते.

आता कागद. जाडजूड फाईल असू द्या पण डॉक्टर ती पूर्ण चाळत नाहीत, त्यांना तेवढा वेळच नसतो. फाईलच्या अगदी वर एक पान ठेवा: ट्रान्सप्लांटची तारीख, किडनी कोणी दिली, रक्तगट, सगळ्या गोळ्या डोस आणि वेळेसकट, कशाची अ‍ॅलर्जी, नेफ्रोलॉजिस्टचा नंबर. त्याच्या मागे वहीतला तक्ता, तारीख, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्तातला आकडा), टॅक लेव्हल, हिमोग्लोबिन, पोटॅशियम, शुगर, बीपी, वजन. एकटा आकडा फार काही बोलत नाही, क्रिएटिनिन 1.3 कोणासाठी नेहमीचा असतो तर कोणाचा 1.0 वरून चढून तिथे आलेला असतो, हे तक्त्यातच दिसतं. त्या वरच्या पानाचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून ठेवा, रात्री-बेरात्री कुठे न्यावं लागलं तर भावाला किंवा मुलीला शोधाशोध नको. डोस बदलला की पान त्याच दिवशी नवीन लिहायचं, जुनं फाडून टाकायचं. दोन पानं फाईलमध्ये राहिली की नक्की चुकीचंच पुढे जातं.

किडनीवाले सोडून दुसऱ्या कोणाकडेही जाताना खुर्चीत बसायच्या आधी म्हणायचं, "माझं ट्रान्सप्लांट झालंय, टॅक्रोलिमस चालू आहे." दातवाल्याकडे तर हमखास, कारण दात काढला की पेनकिलर लिहून येते, आणि डायक्लो, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या आपल्याला नकोत. अँटिबायोटिकमध्ये क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल, यांनी टॅक लेव्हल चढते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने धाडकन उतरते. कोणतीही नवी गोळी लिहिली की दवाखान्यातूनच नेफ्रोलॉजिस्टला प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाठवा, औषध घेणं त्यांचं उत्तर आल्यावर. शिरेतून डाय टोचून काढायचा सीटी स्कॅन सांगितला तरी तसंच. लसींचंही तेच, जिवंत विषाणूची लस आपल्याला चालत नाही, तेव्हा मुलाच्या शाळेत कॅम्प आहे म्हणून आपणही टोचून घेऊ असं नको.

औषधांचा साठा पंधरा दिवस आधीच बघायचा. टॅक आणि तिच्या जोडीची मायकोफेनोलेट गल्लीतल्या मेडिकलमध्ये असतेच असं नाही, गोळे कॉलनीत, म्हणजे नाशिकच्या औषधबाजारात, एक चक्कर मारली की बहुतेक मिळून जातं. पण "हा ब्रँड संपलाय, हा घ्या, सेमच आहे" असं म्हणाले तर तिथल्या तिथे घेऊ नका. ब्रँड बदलला तर लेव्हल परत बघावी लागते, म्हणजे ठरवलेलं सगळं कॅलेंडर पुन्हा हललं.

एका दिवशी दोनच्या वर अपॉइंटमेंट घेऊ नका, कॉलेज रोड, मुंबई नाका आणि नाशिकरोड एका संध्याकाळी होत नाही, झालं तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायला अंगात जीव राहत नाही. नंबर पहिला किंवा दुसरा मागा, कारण सांगून मागा, लाजू नका. वेटिंगमध्ये खोकणारी दहा माणसं असतात, मास्क लावून बाहेर जिन्यात थांबा आणि रिसेप्शनवर सांगा "मिस्ड कॉल द्या, मी येतेच." आणि सिंहस्थ डोक्यात ठेवा. 2027 मध्ये पर्वणीच्या दिवसांत पंचवटी-रामकुंडाकडचे रस्ते बंद असणार, त्या आठवड्यात रक्तही नको आणि तारीखही नको, आधीच मागेपुढे करून घ्या. पाहुणे येणार ते वेगळंच, कोणाला सर्दी-खोकला असेल तर आधी फोनवर विचारायचं आणि स्पष्ट नाही म्हणायचं, आत्याबाई रुसल्या तर रुसू देत. त्या येताना गुळवेलीचा काढा आणतील, तो घ्यायचा नाही, प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणतात आणि आपण ती दाबायच्या गोळ्या खातोय. गणपतीत पपनस आणलं तर तेही नाही, ग्रेपफ्रूटच्याच घरातलं ते, टॅक लेव्हल चढवतं. भेटायला मिसळीवर नेतील, तर वरचा कच्चा कांदा आणि बाहेरचं पाणी सोडा.

हे सगळं ठरलेल्या तारखांचं झालं. ताप 100.4 च्या वर गेला, लघवी कमी झाली, किडनी बसवली त्या जागी दुखायला लागलं, दोन दिवसांत वजन एकदम वाढलं, उलटीमुळे गोळी पोटात राहिना, यातलं काहीही असलं तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन. जुलाबही साधे समजू नका, त्यात टॅक लेव्हल वर जाऊ शकते.

बिलं टाकून देऊ नका. जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर इन्कम टॅक्समध्ये क्रॉनिक रीनल फेल्युअरच्या, म्हणजे किडनी कायमची निकामी झाल्याच्या खर्चाची वजावट मिळते, 40,000 रुपयांपर्यंत, ज्येष्ठांना 1,00,000 पर्यंत, मेडिक्लेमकडून मिळालेले पैसे त्यातून वजा होतात. त्यासाठी स्पेशालिस्टची लेखी प्रिस्क्रिप्शन लागते, ती मार्चच्या गर्दीत मागू नका, ऑक्टोबरच्या व्हिजिटलाच सही घेऊन ठेवा.