साथीच्या काळात बार मित्झ्वा कसा करावा

वयाची 13 वर्षं पूर्ण झाली की ज्यू मुलगा आपोआप बार मित्झ्वा होतो, म्हणजे धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. पारंपरिक रिवाजात मुलगी 12 व्या वर्षीच बात मित्झ्वा होते. हॉल, बँड, पाहुणे हे सगळं वरचं. हे आधी आजी-आजोबांच्या गळी उतरवा.

मग रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) फोन करून मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारा दहा जणांचा गट, कसा जमवायचा ते विचारा. सोहळ्यात मुलगा तोरा (ज्यूंचा पवित्र ग्रंथ) वाचतो, आणि तोराच्या सार्वजनिक वाचनाला दहा प्रौढ लागतात. ऑर्थोडॉक्स पंथात दहा पुरुष, तेही प्रत्यक्ष हजर. म्हणून 2020 मध्ये बऱ्याच ठिकाणी अंगणात, अंतर राखून मिन्यान भरले. अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाने मात्र मार्च 2020 मध्ये आणीबाणी म्हणून झूमवरचे दहा जण धरायची मुभा स्थानिक रब्बींना दिली.

खरी गोची वाराची. शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी) काटेकोर घरांत स्क्रीन चालू करत नाहीत. पण तोरा सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही वाचतात. माझं मत गुरुवारला. त्या दिवशी मुलगा तेफिलिनही (धर्मवचनं ठेवलेल्या चामडी पेट्या) बांधू शकतो, जे शब्बाथला बांधत नाहीत. तोटा एवढाच की गुरुवारी येत्या शनिवारच्या पाराशाचा (तोरातल्या त्या आठवड्याच्या पाठाचा) फक्त सुरुवातीचा भाग वाचतात आणि हाफ्तारा (प्रेषितांच्या ग्रंथांतला जोडपाठ) नसतो. पोराने महिनोन्‌महिने चालीवर घोकलेलं वाया जाऊ देऊ नका: उरलेलं शुक्रवारी सूर्यास्ताआधी घरच्यांपुढे म्हणून घ्या, रेकॉर्ड करा. सोहळा पुढे ढकलायचाच असेल तर पुढच्या वर्षी तोच पाराशा येईल तो शब्बाथ धरा. दोन-चार महिने पुढे गेलात तर वेगळा पाराशा नव्याने पाठ करावा लागेल.

मिन्यान जमलाच नाही तर तोराच्या गुंडाळीऐवजी छापील पुस्तकातून वाचा. मिन्यान लागणाऱ्या प्रार्थना गाळा. मुलाचं पाराशावरचं भाषण मात्र ठेवाच. त्याला कुणाचीच अट नाही.

जेवणावळ नको. बेने इस्राएल (मूळच्या कोकणातल्या ज्यू) घरांत मलिदा घरच्या घरी होतो: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, फळं. मुलावर उधळायच्या टॉफ्यांच्या पुड्या नातेवाइकांना आधीच कुरिअर करा, म्हणजे तेही आपापल्या स्क्रीनवर उधळतील. वाचनाच्या वेळी सगळ्यांचे माइक बंद ठेवायला एक भाचा नेमा. झूमवर सगळे एकदम ‘आमेन’ म्हणाले की आवाज पुढे-मागे होतात आणि वाचणाऱ्याची चाल हमखास चुकते.