खाड्याचे पैसे

सिडनीत, वेस्टमीडच्या बाजूच्या गणपतीत दरवर्षी कुणी ना कुणी आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला माझ्यासमोर आणून उभं करतं. "याला फुटी खेळायचंय म्हणे. तू खेळायचास ना रे? पुढे काही आहे का यात?" फुटी म्हणजे इथली रग्बी लीग. मुलगा खाली मान घालून मोदक खात असतो. प्रसादाच्या रांगेत याचं पूर्ण उत्तर देता येत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

आधी माझं प्रगतिपुस्तक. २००८ साली आम्ही सांगलीहून सिडनीच्या पश्चिमेला, पेनरिथला आलो तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. रग्बी लीग वीस वर्षांखालील संघापर्यंत खेळलो, मग तीन मोसम न्यू साउथ वेल्स कपमध्ये, म्हणजे एनआरएलच्या (नॅशनल रग्बी लीग, इथली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा) एक पायरी खाली. एनआरएलचा एकही सामना मला मिळाला नाही. आज मी इलेक्ट्रिशियन आहे. यशस्वी खेळाडूचं मनोगत हवं असेल तर ते इथे मिळणार नाही. पण या जिन्यावर वर पोचणाऱ्यांपेक्षा मधेच उतरणारे कितीतरी जास्त असतात, आणि त्यांना कुणी माइक देत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. मुंबईत २०२५ मध्ये रग्बी प्रीमियर लीग झाली, ती रग्बी युनियनच्या घराण्यातली, सात-सात खेळाडूंची. नावात 'लीग' असलं तरी ती रग्बी लीग नव्हे. आमच्या खेळात तेरा जण असतात. कबड्डी ठाऊक असेल तर अर्धा खेळ कळलाच. चढाई करणारा चेंडू घेऊन येतो, त्याची पकड होते, पण तो बाद होत नाही. उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि त्याचा साथीदार पुढची चढाई सुरू करतो. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा. म्हणून पाचव्या पकडीनंतर बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून देतात.

हे दोन खेळ वेगळे झाले ते पैशांवरून. उत्तर इंग्लंडच्या गिरण्या-खाणींतली माणसं शनिवारी खेळायची आणि त्या दिवसाचा कामावर खाडा पडायचा. खाड्याची भरपाई द्यावी, असं तिथल्या क्लबांचं म्हणणं. हौशी खेळात पैसा नको, असं लंडनकडच्या साहेबांचं. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. सिडनीत पहिला मोसम झाला १९०८ साली. हा इतिहास मला पंचविशीत कळला. चौदाव्या वर्षी कुणी सांगितला असता तर पुष्कळ गोष्टींचा अर्थ आधी लागला असता.

आता वाट. गल्लीतल्या ज्युनिअर क्लबातून जिल्ह्याच्या संघात निवड होते. सध्या सतरा वर्षांखालील हॅरल्ड मॅथ्यूज कप, मग एकोणिसाखालील एसजी बॉल, एकविसाखालील जर्सी फ्लेग, मग न्यू साउथ वेल्स कप आणि त्यावर एनआरएल. (माझ्या वेळी वयं थोडी वेगळी होती.) आयपीएलसारखा लिलाव इथे नाही. ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडायची पद्धत, आणायचा प्रयत्न झाला होता, तो १९९१ मध्ये न्यायालयाने मोडीत काढला. क्लब थेट मुलांशी करार करतात, कधी कधी दाढीमिशी फुटायच्या आधीच. पेनरिथने २०२१ ते २०२४ सलग चार वेळा विजेतेपद मिळवलं, त्या संघातले कितीतरी जण याच भागातल्या मैदानांवर वाढलेले. त्यामुळे इथल्या प्रत्येक बापाला आपला मुलगा पुढचा नेथन क्लिअरी (त्या संघाचा हुकमी खेळाडू) वाटतो. हिशेब मात्र साधा आहे. सतरा क्लब, प्रत्येकाच्या मुख्य यादीत तीस जण, म्हणजे ५१० नोकऱ्या. २०२७ पासून पर्थ आणि २०२८ पासून पापुआ न्यू गिनीचा संघ येतोय, तेव्हा थोड्या वाढतील. मुलींसाठी एनआरएलडब्ल्यू २०१८ मध्ये चार संघांनी सुरू झाली, आता बारा संघ आहेत. आज माझी धाकटी बहीण चौदाची असती तर तिलाच आधी मैदानावर नेलं असतं.

माझी जागा नऊ नंबरची. तिचं नाव हूकर. आईला ते चारचौघांत उच्चारवेना, म्हणून ती "आमचा नऊ नंबरला असतो" असं सांगायची. सांगलीच्या मावशीला बरेच दिवस वाटत होतं की मी शर्यतीत नववा येतो. उंचीची फार काळजी करू नका. इंग्लंडमधल्या लीड्स क्लबाचा रॉब बरो पाच फूट पाच इंचांचा होता आणि त्याने आठ ग्रँड फायनल, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढती, जिंकल्या. वजनाची काळजी मात्र करावी लागते. अठराव्या वर्षी मी ६८ किलोचा होतो, हवे होते ८०. वरण-भात-तुपावर वजन वाढतं, पण हवं तिथे वाढत नाही, आणि दर पंधरवड्याला ट्रेनर शरीरावर सात ठिकाणी चिमटा लावून चरबी मोजतो.

कबड्डीने मला घोट्याची पकड दिली आणि तिनेच पहिल्या वर्षी घात केला. सांगलीत मी समोरून झेपावून पाय धरायचो. इथे तसं गेलात तर धावत्या शंभर किलोंचा गुडघा सरळ कपाळावर बसतो. आमच्या कोचने मला मॅटवर गुडघ्यांवर बसवून तीन आठवडे एकच गोष्ट करायला लावली: खांदा त्याच्या मांडीवर, गाल त्याच्या कुल्ल्याला मागून चिकटलेला, डोकं कधीच त्याच्या वाटेत नाही, आणि मग दोन्ही हात आवळून पाय चालत ठेवायचे. मुलाला कुठल्याही क्लबात घालण्याआधी एक सराव बघून या. हे शिकवत नसतील तर पुढच्या उपनगरातला क्लब बघा.

एकदा तरीही डोकं चुकलंच. मैदानाबाहेर डॉक्टर विचारतात ते प्रश्न ठरलेले असतात: हे मैदान कुठलं, कितवा हाफ चाललाय, शेवटचे गुण कुणी केले. मी सगळी उत्तरं बरोबर दिली, पण मराठीत. डॉक्टरांनी शांतपणे माझा माउथगार्ड काढून घेतला. आता एनआरएलमध्ये कन्कशनचं (डोक्याला मार बसून मेंदूला झालेल्या इजेचं) निदान झालं की साधारणपणे किमान अकरा दिवस सामना नाही. घरी लपवायची सवय मुलाला लागू देऊ नका. संघातली जागा जाईल म्हणून सगळेच लपवतात, मीही लपवलंय.

आणि पैसे. २०२३ च्या करारात मुख्य यादीतल्या खेळाडूचा त्या वर्षाचा किमान पगार १,२०,००० डॉलर ठरला. ऐकायला छान आहे. त्याखाली मात्र बहुतेकांचं पोट दुसऱ्या कामावर चालतं. मला न्यू साउथ वेल्स कपमध्ये सामन्यामागे पैसे मिळायचे. खेळलो नाही तर नाही. सकाळी साडेसहा ते तीन वायरिंग, पाचला सराव, नऊला घर. करार बहुधा एक-दोन वर्षांचे असतात. शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीच्या एक नोव्हेंबरपासून दुसऱ्या क्लबांशी बोलता येतं, पण ती तारीख ज्यांना मागणी आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांसाठी नोव्हेंबर म्हणजे फोनकडे बघत बसणं.

२०१८ च्या नोव्हेंबरात मला एका क्लबाने 'ट्रेन अँड ट्रायल' दिलं: उन्हाळाभर मुख्य संघाबरोबर सराव, पसंत पडलो तर करार. बॉसने चार महिने बिनपगारी सुटी दिली. खाडाच तो. सकाळी ब्रॉन्को असायचा, म्हणजे वीस, चाळीस आणि साठ मीटर जाऊन यायचं, न थांबता पाच वेळा, एकूण १२०० मीटर. मी ४ मिनिटं ४८ सेकंदांपर्यंत आलो होतो. टीव्हीवर बघितलेली माणसं शेजारी ओकत असायची, त्यात एक विचित्र आनंद होता. फेब्रुवारीतल्या सराव सामन्यात, कुणीही धक्का मारला नसताना, वळताना उजवा गुडघा फिरला. लिगामेंट गेलं. नंतरची बैठक चार मिनिटं चालली. ऑपरेशनचा खर्च कोणी करायचा, हे कागदावर दोन ओळींत होतं आणि त्या ओळी मी सही करताना वाचल्या नव्हत्या. तुम्ही वाचा. खेळाडूंची संघटना आहे, तिला दाखवा. एजंट नोंदणीकृत आहे का तेही बघा.

इलेक्ट्रिशियनचं लायसन्स हातात होतं म्हणून एप्रिलात कुबड्या सुटल्यावर जूनमध्ये कामावर गेलो. माझ्याबरोबरच्या दोघांनी शिक्षण सोडलं होतं, ते अजून हंगामी कामं करतात. क्लबांत आता शिक्षण बघायला स्वतंत्र माणूस असतो. मुलाची त्याच्याशी ओळख कोचच्या आधी करून द्या.

गेल्या वर्षी एका क्लबाच्या जुन्या ड्रेसिंग रूमचं वायरिंग बदलायचं काम आलं. मी कपडे बदलायचो त्याच बाकावर उभा राहून तीन दिवस छताला दिवे लावले. तासाचा दर खेळायचो तेव्हापेक्षा चांगला होता. बिल पाठवलं, चौदा दिवसांत पैसे जमा झाले. शेवटच्या दिवशी दिवे लागतात का बघायला एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा डोकावला आणि त्याने मला विचारलं, "अंकल, तुम्ही कधी खेळलायत का?"