जोगत्यांच्या गाण्यांची जुनी कॅसेट: उतरवावी कशी, ऐकावी कशी

बेळगाव-खानापूरकडच्या पावसाची ओल कपाटातल्या कॅसेटला लागतेच. त्यामुळे यल्लम्माच्या सौंदत्तीच्या डोंगरावर किंवा गावच्या जागराला जोगत्यांची, म्हणजे देवीला वाहिलेल्या गाणाऱ्यांची, भरलेली कॅसेट सापडली, की लगेच टेपमध्ये घालू नका. आधी कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडा बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशीच वाजवली तर टेपच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. बुरशी नसेल तर सहा कोनी पेन्सिल घालून सैल फीत आवळा. फितीमागचा फेल्टचा गादीतुकडा गळला असेल तर आवाज दबका येतो. अशा वेळी स्क्रूच्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात दोन्ही गुंडाळ्या बसवायच्या. वरच्या कडेचे दोन्ही कान मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही भरले जाणार नाही.

हेड आणि रबरी चाक साफ करून घ्या. हेडला कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. टेपच्या लाइन-आउटमधून वायर काढून संगणकाला लावलेल्या यूएसबी साउंड कार्डाच्या लाइन-इनला द्या. माइकच्या भोकात दिली तर आवाज फाटतो. पातळी ठरवताना सगळे झीलकरी, म्हणजे मागून साथीला गाणारे, एकदम उचलतात ती जागा वाजवा आणि काटा उणे ६ डेसिबलच्या आत ठेवा. फाइल भरायची ती ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. ६० मिनिटांच्या कॅसेटला पुरा तास लागतो आणि साधारण १ जीबी जागा.

उत्तररात्रीच्या गाण्यात सूर हळूहळू चढत जातो, लय पळू लागते. ऐकणारा म्हणतो, देवी अंगात आली! बहुतेक वेळा भरताना टेपचे सेल उतरलेले असतात: तेव्हा फीत सावकाश फिरली, म्हणून आज नीट वेगाने वाजवली की गाणे चढे लागते. बोलण्याचा आवाज पातळ, घाईचा वाटला तर हेच कारण समजा. वेग सुधारायचा तो दुसऱ्या प्रतीवर. मूळ फाइलला हात लावू नका.

खरखर काढण्याचा मोह इथे सर्वांत महागात पडतो. फितीची सळसळ आणि झांजेची किणकिण एकाच पट्ट्यात असतात, एक घालवली की दुसरी जाते. चौंडके या जोगत्यांच्या वाद्याच्या तारेवर काडी पडते तो ठोका तर पार बोथट होतो.

ऐकायचे तीनदा, हेडफोन लावून. पहिल्यांदा फक्त चौंडके. एका तोंडाला कातडे, कातड्याच्या मधून निघालेली तार खुंटीला ताणलेली. म्हणून त्याचा आवाज धड ढोलकीचा नाही, धड तुणतुण्याचाही नाही. कातडे ओलावले की सैल पडते, आवाज घुमा होतो, आणि मग गाणी थांबवून खुंटी पिळल्याचे ऐकू येते. तो तुकडा कापू नका. दुसऱ्यांदा झील: ती मुख्य गाणाऱ्याचा शेवटचा शब्द संपायच्या आत उचलतात की नंतर, ते बघा. तिसऱ्यांदा शब्द.

शब्द उतरवताना आपल्याकडची खरी अडचण येते. कडवे मराठी, धृपद कन्नड, असे सर्रास असते. जसे ऐकू येते तसे लिहा. ‘उधो’ म्हटले असेल तर ‘उदो’ करू नका. न कळलेल्या ओळीपुढे मिनिट-सेकंद टाका आणि कन्नड घरात बोलणाऱ्या माणसाला तेवढीच ओळ ऐकवा. लेबलवर दोन्ही लिप्या असतात, त्याचा फोटो फाइलबरोबरच ठेवा.