बांधाच्या एका भांडणातून न्यायालयाची भाषा कशी शिकावी

कायद्याच्या शब्दांची वर्णानुक्रमे यादी पाठ करणारा विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतो, परंतु न्यायालयात गेल्यावर गोंधळतो. कारण तेथील बहुतेक शब्द व्यक्तीचे किंवा कागदाचे नाव सांगत नाहीत, तर प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगतात. म्हणून यादीऐवजी एक भांडण निवडावे आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहावे. महाराष्ट्रात त्यासाठी शेताच्या बांधासारखे दुसरे उदाहरण नाही, कारण ते एकाच वेळी दिवाणीतही जाते आणि फौजदारीतही.

समजा, खालच्या शेताच्या मालकाने नांगरताना बांध फोडला आणि वरच्या शेतात तीन-चार हात अतिक्रमण केले. वरच्या शेताच्या मालकाला आपली जमीन परत हवी आहे, कोणाला तुरुंगात पाठवायचे नाही. हा हक्काचा प्रश्न, म्हणजे दिवाणी. तो वकीलपत्र देऊन वकील नेमतो आणि वादपत्र दाखल करतो. तो झाला वादी आणि खालचा शेतकरी प्रतिवादी. प्रतिवादीला समन्स निघते व बेलिफ ते बजावतो. त्यानंतर प्रतिवादी जे लेखी उत्तर देतो त्याला कैफियत म्हणतात. बोलीभाषेत कैफियत म्हणजे गाऱ्हाणे, न्यायालयात मात्र बचाव. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ नुसार ती समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते आणि न्यायालय सकारण ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते.

दावा निकाली निघेपर्यंत प्रतिवादीने आणखी नांगर घालू नये म्हणून वादी तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज करतो. आवारात या अर्जाला बहुधा ‘निशाणी ५’ म्हणतात. दाव्यातील प्रत्येक महत्त्वाच्या कागदाला मिळणारा क्रमांक म्हणजे निशाणी, आणि हा अर्ज परंपरेने पाचव्या क्रमांकावर येतो. पाठ्यपुस्तकात हा शब्दप्रयोग सापडणार नाही. पण ‘पाचचा निकाल काय लागला?’ हा प्रश्न ज्याला कळला, त्याला आवारातील निम्मे संभाषण कळले असे समजावे.

दोन्ही बाजूंचे म्हणणे आल्यावर न्यायाधीश मुद्दे काढतात, म्हणजे नेमका वाद कशाबद्दल आहे ते प्रश्नरूपाने लिहितात. मग पुरावा सुरू होतो. आपल्याच वकिलाने घेतली ती सरतपास, विरुद्ध बाजूच्या वकिलाने घेतली ती उलटतपास आणि उलटतपासणीत उद्भवलेल्या गोष्टींच्या खुलाशासाठी पुन्हा आपल्या वकिलाने घेतली ती फेरतपास. दिवाणी दाव्यात सरतपासणीचा मजकूर बहुधा शपथपत्रावरच दिला जातो. शेवटी युक्तिवाद होतो. दररोज काय घडले याची नोंद रोजनाम्यात राहते आणि त्यात सर्वाधिक वेळा आढळणारा शब्द म्हणजे ‘तहकूब’. तो मुद्दाम पाठ करावा लागत नाही.

आता त्याच बांधावर एके दिवशी हातघाई झाली असे समजा. येथून शब्दांचा दुसरा संच सुरू होतो आणि वहीत त्याला वेगळे पान द्यावे. साधी दुखापत हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खाली अदखलपात्र गुन्हा आहे. त्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. कोयत्यासारखे हत्यार वापरले तर कलम ११८(१) लागते; तो गुन्हा दखलपात्र असल्याने पोलीस स्वतःहून तपास करतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली असल्यामुळे, त्यापूर्वी घडलेल्या घटनांच्या कागदांत १८६० च्या भारतीय दंड संहितेची कलमे दिसतील. विद्यार्थ्याने घटनेची तारीख पाहूनच कलम वाचावे.

येथे खबर देणारा फिर्यादी असला तरी खटला त्याचा नसतो. शीर्षकात ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध’ असे लिहिलेले असते, बाजू सरकारी वकील मांडतात आणि फिर्यादी हा मुख्यतः साक्षीदार असतो. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. त्याला गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार दोषसिद्धीपूर्वी कोणालाही नाही, आणि याबाबतीत आपली वर्तमानपत्रे फारच ढिली आहेत. ‘गुन्हा दाखल’ म्हणजे पोलीस ठाण्यात खबर नोंदली गेली, एवढेच. तपासाअंती पोलीस देतात ते दोषारोपपत्र, आणि ते पाहून न्यायालय ठेवते तो दोषारोप. या तिन्हींना सरसकट ‘आरोप ठेवला’ म्हटले की कोणी काय ठरवले हेच वाचकाला कळेनासे होते.

कोठडीच्या दोन प्रकारांचाही असाच घोळ होतो. अटक झालेल्या व्यक्तीला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. तपासासाठी तिला पोलिसांच्या ताब्यात दिले तर ती पोलीस कोठडी. कारागृहात पाठवले तर न्यायालयीन कोठडी. दोन्हींचा आदेश न्यायालयच देते, त्यामुळे केवळ नावावरून अर्थ काढू नये.

पुराव्याच्या कसोटीतील फरक मात्र सावकाश समजून घ्यावा. दिवाणीत ज्याचे म्हणणे अधिक संभवनीय त्याचे पारडे जड ठरते; फौजदारीत गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. त्यामुळे बांधाच्या दाव्यात हरलेला शेतकरी मारहाणीच्या खटल्यातून निर्दोष सुटू शकतो आणि त्यात विसंगती काहीच नसते.

निकालानंतर नावे पुन्हा बदलतात. दिवाणी निकालाची कारणे न्यायनिर्णयात असतात आणि त्यावरून निघणारा अंमलबजावणीयोग्य आदेश म्हणजे हुकूमनामा. हरलेला प्रतिवादी ३० दिवसांच्या मुदतीत जिल्हा न्यायालयात गेला की तो अपीलकर्ता होतो आणि जिंकलेला वादी उत्तरवादी. म्हणूनच अशा कागदांत कंसात ‘मूळ वादी’ लिहिण्याची पद्धत आहे. अपील झाले नाही, तरी खालचा शेतकरी जमीन सोडत नसेल, तर वादीला दरखास्त करावी लागते. व्यवहारात दरखास्त म्हणजे कोणताही अर्ज, परंतु दिवाणी न्यायालयात ती हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठीच असते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले की मराठी शब्द मागे पडतात, कारण संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार तेथील कामकाज इंग्रजीत चालते.

सरावासाठी तालुका न्यायालयाचा एखादा मराठी न्यायनिर्णय मिळवावा. प्रथम शीर्षक वाचून पक्षकारांची नावे आणि प्रकरणाचा प्रकार वहीत उतरवावा. नंतर मुद्दे आणि त्यांसमोरचे निष्कर्ष वाचावेत, मग थेट शेवटचा आदेश, आणि कारणमीमांसा सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा वाटेल, परंतु कोण जिंकले हे आधी ठाऊक असले की कारणमीमांसेतील प्रत्येक शब्द कोणाच्या बाजूने वापरला आहे ते ओळखता येते. जो शब्द अडेल त्याच्यापुढे अर्थ लिहिण्यापूर्वी टप्पा लिहावा: दाखल करताना, पुराव्याच्या वेळी, की निकालानंतर.